मैनाबाईचा खांदा

सदाशिवरावांना रिकामं बसता येत नाही, हे राळेगावकडच्या अर्ध्या तालुक्याला माहीत होतं. बाजार समिती असो, सोसायटी असो की देवळाचा ट्रस्ट, मीटिंग सुरू झाली की हा माणूस थोड्याच वेळात उठून दाराशी जाऊन उभा राहायचा आणि उरलेलं बोलणं तिथूनच करायचा. जेवतानासुद्धा त्यांचा एक कान अंगणाकडे असायचा. अशा माणसाला त्याच्या मुलीने ऐन कापूस वेचणीत पंधरवड्यासाठी पळसबनात पाठवलं, तेव्हा गावातले लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण पाठीमागे बरेच हसले.

पळसबन म्हणजे घाटंजीच्या रस्त्याला, सागाच्या जंगलाला लागून नव्याने उभं राहिलेलं आयुर्वेदाचं ठिकाण. दवाखाना म्हणावं तर तसं दिसत नाही आणि हॉटेल म्हणावं तर तिथे चहादेखील मिळत नाही. नागपूर, हैदराबाद, मुंबईची सुखवस्तू माणसं तिथे येऊन राहतात, अंगाला तेल चोळून घेतात, मुगाचं कढण पितात आणि हलकी होऊन परत जातात, एवढंच सदाशिवरावांच्या कानावर होतं. त्यांची मुलगी प्रेरणा नागपूरला बँकेत होती. तिने ही सोय केली होती ती खरं तर आईसाठी, मैनाबाईंसाठी. पण बाईमाणसाने एकटीने परक्या ठिकाणी कसं राहायचं, हा प्रश्न सदाशिवरावांनीच काढला आणि स्वतःच्याच बोलण्यात अडकले. प्रेरणाने लगेच दोघांची नावं टाकली. सदाशिवरावांना तरी झोप कुठे लागत होती, आणि छातीत जळजळ तर रोजचीच होती.

पोचल्या पोचल्या फाटकावर मोबाइल काढून घेतला. रोज संध्याकाळी अर्धा तास मिळेल, असं तिथल्या मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं. मग पांढरे, बिनइस्त्रीचे सुती कपडे दिले. राहायला दिलेली कुटी मातीच्या भिंतींची होती, वर कौलं, खाली शेणाने सारवल्यासारखी जमीन. सदाशिवरावांनी भिंतीवर हात फिरवून पाहिला. मातीचं घर पाडून स्लॅब टाकायला त्यांनी अर्धी जवानी घालवली होती, आणि इथे लोक कौतुकाने मातीत राहायला येत होते. त्यांनी ते मैनाबाईंना बोलून दाखवलं. त्या पलंगाच्या कडेला बसून खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांनी नुसतं हं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली. इथल्या वैद्यबाई चाळिशीच्या होत्या, हळू बोलायच्या आणि पुष्कळ वेळ नाडीवर बोटं ठेवून गप्प बसायच्या. त्यांनी मैनाबाईंना दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा हात सरळ वर गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि थांबला. तेवढ्यातच मैनाबाईंच्या कपाळावर घाम आला.

"हे कधीपासून आहे?" वैद्यबाईंनी विचारलं.

सदाशिवरावांनी सवयीने उत्तर दिलं. "असंन आठ-पंधरा दिवसांचं. थंडी पडून राह्यली ना आता."

"अमरच्या लग्नापासून," मैनाबाई म्हणाल्या.

अमर म्हणजे त्यांचा थोरला, पुण्याला असतो. त्याच्या लग्नाला दोन उन्हाळे होऊन गेले होते. लग्नघरी माळ्यावरून पितळेचं घंगाळ काढताना खांदा लचकला आणि मग हळूहळू हात वर जाणंच बंद झालं, हे मैनाबाईंनी वैद्यबाईंना सांगितलं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. वेणी शेजारची भुरीबाई येऊन घालून देते. त्या हे सगळं अगदी सरळ, तक्रारीचा सूर न लावता सांगत होत्या. सदाशिवराव खुर्चीत बसून ऐकत होते. एका जागी इतका वेळ ते कित्येक वर्षांत बसले नसतील. मग एकदम उठले आणि पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले.

त्या घटकेपासून त्यांच्या जिवाला चैन पडेना.

पहिले दोन दिवस त्यांनी चहाचं निमित्त केलं. डोकं दुखतं, चहा नाही म्हणून. मग जेवणाचं. भाकर नाही, तिखट नाही, हे काय जेवण. कपाळावर तेलाची धार सोडायला त्यांना लाकडी मेजावर निजवलं, तर धार सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच ते उठून बसले आणि तेल सगळं डोळ्यांत गेलं. मालिश करणाऱ्याने हात-पाय सैल सोडा म्हणून सांगितलं, तर त्यांना ते सोडताच येईनात. त्याने हात उचलून खाली सोडला की हात तसाच हवेत राहायचा.

डोक्यात मात्र तेच चाललेलं असायचं. दोन वर्षं. ते मागे जाऊन एकेक प्रसंग शोधत. गेल्या पोळ्याला बैलांना ओवाळताना हिने ताट कोणत्या हातात धरलं होतं? संक्रांतीला बायका आल्या, तेव्हा ही उठून फळीवरून काही काढत होती का? त्यांना बैल आठवत. एकाच्या शिंगाचा रंग उडाला होता म्हणून आपण सालदार रामलालवर ओरडलो, ते आठवे. ताट आठवत नसे. ताटामागची बाई तर अजिबातच दिसत नसे.

उलट मैनाबाई तिथे रुळत चालल्या होत्या. पहिल्या दिवशी जेवणाचं ताट समोर आलं तेव्हा त्या वाढायला म्हणून अर्ध्या उठल्या होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी ते सोडलं. सकाळी तेल लावून आल्या की शाल गुंडाळून ओसरीवरच्या खुर्चीत बसायच्या आणि समोरच्या सागाकडे बघत राहायच्या. दुपारी दार लोटून झोपायच्या. दुपारची झोप म्हणजे आजारपण, असं घरी मानणारी बाई इथे घोरत होती. सदाशिवराव दाराबाहेर उभे राहून ते ऐकत आणि पुन्हा चालायला लागत.

चालता चालता त्यांची गाठ पूनमसिंगांशी पडली. पूनमसिंग दिग्रसकडच्या एका तांड्याचे. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि डेपो मॅनेजर होऊन निवृत्त झाले. पोरं परदेशात, बायको सुखीबाई मागच्या वर्षी गेली. तेही सारखे कुंपणाच्या कडेकडेने फिरत असायचे. दोघे सोबत फिरू लागले. पूनमसिंगांना मागच्या बाजूचं लहान फाटक माहीत होतं आणि त्या फाटकापासून पायवाटेने गेलं की फाट्यावरची चहाची टपरीही माहीत होती.

तिथेच गोंधळ झाला. सदाशिवरावांना त्या दिवसापासून सकाळी औषधी तूप सुरू केलं होतं. भूक लागेपर्यंत गरम पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं. पण टपरीवर दूध उतू जात होतं, आल्याचा वास येत होता. त्यांनी एक घेतला आणि लगेच दुसरा सांगितला. दुसरा ग्लास हातात असताना पूनमसिंग आपल्या बायकोचं बोलत होते. सुखीबाईला त्यांनी एकदा इथे आणलं होतं, पण तिने पहिल्या दिवसापासून घरी चला, घरी चला लावलं आणि ते मधेच निघून गेले.

"मी चिडलतो तिच्यावर," पूनमसिंग म्हणाले. "आता पुरे दिवस राह्यतो इथं, एकटाच. कोनी चला म्हनत नाही."

सदाशिवरावांना काहीतरी बोलायचं होतं, पण पोटातून एकदम ढवळून आलं. टपरीच्या मागे जाऊन ते जे ओकायला लागले ते थांबेचनात. चहावाल्याने पाणी दिलं, पूनमसिंगांनी पाठ धरली. शेवटी पळसबनाची गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. वैद्यबाई रागावल्या नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं. शाळेतल्या पोरासारखे आपण पकडले गेलो, असं त्यांना वाटलं. मैनाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताने कपाळ चोळलं. डाव्या हाताने. सदाशिवरावांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते उठले ते निर्णय घेऊनच. कापूस फुटून उभा आहे, ढग येऊन राहिलेत, पाऊस पडला तर सगळा भिजेल, रामलालच्याने एवढं सांभाळणं होणार नाही, अशी कारणं त्यांनी एकापुढे एक मांडली. आकाशात ढग नावाला नव्हता. मैनाबाईंना त्यांनी पिशवी भरायला सांगितली. त्या ओसरीवर पायाला तेल चोळत बसल्या होत्या.

"तुमी जा," त्या म्हणाल्या. "मी नाही येत."

"म्हंजे?"

"म्हंजे इथं राह्यणार. पुरं होयेपर्यंत."

"अन् घरी कोन पाहीन?"

"घरी तुमी हाय ना."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तेल चोळणंही थांबलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई नाही म्हणाल्याचं सदाशिवरावांना आठवेना. की म्हणाली असेल आणि तेही आपल्याला आठवत नसेल, असं त्यांच्या मनात आलं आणि ते चपापले. त्यांनी आपली पिशवी उचलली. फाटकावर मोबाइल घेतला, गाडी काढली, आणि राळेगाव येईपर्यंत कुठे थांबले नाहीत.

गावात शिरताच ते आधी शेतावर गेले. बाया रांगेने वेचत होत्या, कापसाच्या गाठोड्यांचा ढीग बांधावर लागला होता. रामलाल त्यांना पाहून चकित झाला. सगळं ठीक चाललंय, अर्धं वावर वेचून झालं, बाकीचं या आठवड्यात होईल, असं त्याने सांगितलं. सदाशिवरावांनी उगाच दोन-चार गाठोडी उचलून पाहिली, एका बाईला बोंडातला कचरा काढायला सांगितलं. ती कचरा काढतच होती. मग करायला काही उरलं नाही, म्हणून ते घरी आले.

घरात शिरल्यावर आधी चहा करावा म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. त्यांचा हात सवयीने वरच्या फळीवर गेला. तिथे काही नव्हतं. लग्नाआधी अमरने हौसेने बसवलेली ती लांब फळी पूर्ण रिकामी होती, धूळ साचलेली. साखर, चहा, तांदूळ, डाळ, सगळे डबे खाली, जमिनीवर विटा मांडून त्यावर ठेवलेल्या पाटावर ओळीने बसले होते. सदाशिवरावांना चहाचा डबा उचलायला वाकावं लागलं. उचलून ते तसेच थांबले.

मग ते घरभर फिरले. देव भिंतीतल्या कोनाड्यात असायचे, ते चौरंगावर आले होते. ते कधी आले? आले तेव्हा आपण म्हटलं होतं की हिचा देवधर्म वाढला. कोनाड्यात एक जुनी तेलाची पणती तेवढी राहिली होती. कपड्यांचं कपाट उघडलं, तर मैनाबाईंची लुगडी सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. स्वतः सदाशिवरावांची धोतरं, शर्ट वर, डोळ्यांसमोर, हाताशी.

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची तार होती. ती त्यांनी पाहिली. तार त्यांच्या गळ्याशी येईल इतकी खाली बांधलेली होती. या तारेने त्यांना कितीदा तरी गळफास दिल्यासारखं केलं होतं. अंधारात शौचाला जाताना मानेला कापलं होतं. दोन वेळा त्यांनी ओरडून रामलालकडून ती वर बांधून घेतली होती, आणि दोन्ही वेळा ती पुन्हा खाली आली होती. माणसं किती आळशी असतात, एक तार नीट बांधत नाहीत, असं ते तेव्हा म्हणाले होते. म्हणाले होते ते मैनाबाईंनाच.

दगडी पायरीवर बसून त्यांनी प्रेरणाला फोन लावला. तिला आधी वाटलं, पळसबनातूनच बोलताहेत. घरून बोलतोय, असं त्यांनी सांगितलं.

"तुले माहीत होतं," सदाशिवराव म्हणाले. "आईच्या हाताचं."

"मी सांगितलं होतं बाबा तुम्हाला. मागच्या दिवाळीत, तिथेच अंगणात. तुम्ही हो हो म्हणाले आणि रामलालकाकाला हाक मारायला उठले."

त्यांनी ते आठवून पाहिलं. दिवाळी आठवली. रामलालला कशासाठी हाक मारली होती, तेसुद्धा आठवलं. मधलं वाक्य नव्हतंच.

त्या दिवशी त्यांनी भुरीबाईने आणून दिलेली भाकर खाल्ली. संध्याकाळी अंघोळ करून शर्ट घालताना उजवा हात वर न नेता तो चढवता येतो का, ते पाहिलं. जमेना. बाही एकीकडे ओढली जायची, कॉलर मानेत अडकायची. ते एकटेच होते म्हणून बरं, नाहीतर कोणी म्हणालं असतं, या माणसाला झालंय तरी काय. घरात त्यांच्याने बसवेना, अंगणात बसवेना. देवळाच्या पारावर गेले, तर लोक विचारायला लागले, वहिनी नाही आल्या काय. ते तिथूनही उठले. पळसबनात असताना त्यांना वाटत होतं की घरी गेलं की हे थांबेल. ते थांबलं नाही. ते त्यांच्याबरोबरच गाडीत बसून आलं होतं.

सकाळी त्यांनी रामलालला बोलावून सगळं त्याच्यावर सोपवलं, कापूस कुठे न्यायचा तेसुद्धा त्यानेच ठरवावं म्हणून सांगितलं, आणि गाडी पुन्हा घाटंजीच्या रस्त्याला घातली.

फाटकावरच्या मुलीने वैद्यबाईंना बोलावलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की उपचार एकदा मोडला की मधूनच पुढे चालू करता येत नाही. पत्नीसोबत राहायचं असेल तर राहा, जेवा, फिरा. तेल नाही, तूप नाही, काही नाही. सदाशिवरावांनी मान हलवली आणि मोबाइल स्वतःहून काढून दिला.

मैनाबाई ओसरीवर होत्या. त्यांना येताना पाहून त्या हसल्या नाहीत, उठल्याही नाहीत. कापसाचं विचारलं. बरा आहे म्हणाले. मग सदाशिवराव पायरीवर बसले. समोर एक माणूस झाडांची पडलेली पानं गोळा करत होता.

"मले काहून नाही सांगतलं तू?" त्यांनी विचारलं.

मैनाबाई विचार करत राहिल्या, जणू उत्तर खरंच शोधत होत्या.

"सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन-तीनदा सांगतलं. तुमी ऐकून राह्यले असं वाटे मले. मंग नाही सांगतलं."

"तार तूच खाली बांधत होती."

"डाव्या हातानं बांधली. गाठ नीट बसे नाही."

माफी वगैरे सदाशिवरावांच्या तोंडात बसणारा शब्द नव्हता, आणि इतक्या वर्षांनी तो काढला असता तर मैनाबाईही ओशाळल्या असत्या. ते तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने पाय हलवायला लागले. मैनाबाईंनी त्या पायाकडे पाहिलं.

उरलेले दिवस सदाशिवरावांना फार जड गेले. उपचार नसल्यामुळे त्यांच्याकडे काही म्हणजे काही काम नव्हतं. पूनमसिंग मुक्काम संपवून गेले होते. सकाळी मैनाबाई तेलाला जात, तेव्हा ते मागे मागे त्या खोलीच्या दारापर्यंत जात आणि बाहेरच्या बाकावर बसत. उठत, दोन चकरा मारत, पुन्हा बसत. आतून कधी मैनाबाईंचं कण्हणं ऐकू येई. ते आलं की त्यांना पळून जावंसं वाटे, आणि पळाले नाहीत, एवढंच. दुपारी त्या झोपल्या की ते ओसरीवर थांबत आणि कोणी झाडणारा जवळ आला तर हळू झाड, असं हाताने खुणावत. एकदा त्यांनी तिथल्या बाईकडून वेणी घालायचं शिकून घ्यायचा प्रयत्न केला. मैनाबाईंनी ती वेणी चाचपून पाहिली, सोडून टाकली आणि पुन्हा त्या बाईला बसवलं. पण त्या वेळी हसल्या, हे खरं.

शेवटच्या दिवशी वैद्यबाईंनी पुन्हा हात वर करायला सांगितला. तो कानापर्यंत गेला. त्याच्या वर नाही. आता रोजचा व्यायाम लागेल, तोही शिकलेल्या माणसाच्या देखरेखीत, आणि तीन-चार महिने तरी खंड पडता कामा नये, असं त्यांनी सांगितलं. घरचं ओझं उचललं, तर पुन्हा तिथेच येईल.

गाडीत बसल्यावर मैनाबाईंनी आपलं म्हणणं सांगितलं. त्या घरी जाणार नव्हत्या. प्रेरणाच्या घराजवळ व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या. होळीपर्यंत नागपूरलाच राहायचं, असं मायलेकींचं संध्याकाळच्या फोनवर ठरलं होतं. मोबाइल ज्या अर्ध्या तासासाठी मिळायचा, त्या वेळात सदाशिवराव कुंपणापाशी फिरत असायचे.

"मले विचारलं नाही," सदाशिवराव म्हणाले.

"आता विचारून राह्यली ना."

यवतमाळ मागे पडलं. घरी सकाळी चूल कोण पेटवेल, देवांना पाणी कोण घालेल, रामलालच्या बायकोला सांगावं का, भुरीबाईच्या भाकरीवर किती दिवस काढायचे, हे सगळं डोक्यात गरगरत होतं आणि एकाचंही उत्तर येत नव्हतं. हात स्टिअरिंगवर सारखे जागा बदलत होते. कळंबच्या चौकात गाडी नेहमीप्रमाणे राळेगावकडे वळायला म्हणून हळू झाली. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मैनाबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या.

"सरळच जायचं ना?" सदाशिवरावांनी विचारलं.

"सरळ," मैनाबाई म्हणाल्या.

त्यांनी गाडी वर्ध्याच्या रस्त्याला घातली. देवळी येईपर्यंत मैनाबाईंना झोप लागली, खिडकी सोडून उजव्या कुशीवर कलून. समोर एक बैलगाडी कापूस भरून चालली होती. सदाशिवराव हॉर्न वाजवणार होते. मग त्यांनी तो वाजवला नाही आणि रस्ता मोकळा होईपर्यंत ते तिच्या मागे मागे, बैलांच्या चालीने गाडी चालवत राहिले.